आयन एकटा पडदा ओलांडत नाही : डायलिसिसवरील वाचकांचे प्रश्न

डायलिसिस म्हटलं की कोल्हापुरात बहुतेकांना दवाखान्यातली चार तासांची खुर्ची आठवते. पण प्रयोगशाळेत प्रथिनं शुद्ध करताना आणि एमआयडीसीत वापरलेलं ॲसिड परत मिळवतानाही हीच क्रिया, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून लहान कण वेगळे करणं, कामाला येते. या वेळचे प्रश्न तिन्ही ठिकाणांहून आले आहेत, आणि सगळ्यांचा रोख एकच आहे: पडद्याची छिद्रं आयनांपेक्षा (विद्युतप्रभार असलेल्या कणांपेक्षा) मोठी असूनही काही आयन का रखडतात, आणि काही भलतीकडे का जातात? कारण विद्युतप्रभारात आहे. मात्र तो प्रभार चालत्या आयनावर आहे, आत अडकलेल्या प्रथिनावर आहे की खुद्द पडद्यावर, यावर परिणाम बदलतो.

प्रश्न : अकरावीच्या मुलांना आम्ही सेलोफेनच्या नळीतून मीठ बाहेर येताना दाखवतो. बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका येतो, म्हणजे क्लोराइड आलं. एका मुलीने विचारलं, क्लोराइड सोडियमपेक्षा चपळ असेल तर ते आधी बाहेर पडून बाहेरचं पाणी ऋणप्रभारित का होत नाही? (रसायनशास्त्र शिक्षक, गडहिंग्लज)

मुलीने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. २५ अंश सेल्सिअसला पाण्यात सोडियमचा विसरण गुणांक (पसरण्याच्या चालीचं माप) १.३३ आहे आणि क्लोराइडचा २.०३ (एकक: दर सेकंदाला चौरस मीटरचा अब्जांश, पुढेही हेच एकक धरा). म्हणजे क्लोराइड खरंच चपळ आहे. ते केसभर पुढे सरकतं आणि त्याच क्षणी मागे राहिलेल्या सोडियममुळे विद्युतक्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र क्लोराइडला मागे खेचतं आणि सोडियमला पुढे ओढतं. एक बैल तेज आणि एक मंद असला, तरी जू एकच असल्याने गाडी एकाच वेगाने चालते, तसं हे आहे. मिठाचा एकत्रित गुणांक १.६१ येतो. ही साधी सरासरी नाही, ती १.६८ आली असती. दोन्ही गुणांकांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला त्यांच्या बेरजेने भागलं की १.६१ मिळतात. मंद आयनाचं वजन यात जास्त पडतं.

प्रभाराचा तोल किती ढळतो? इतका कमी, की कोणत्याही रासायनिक परीक्षेत तो सापडणार नाही. व्होल्टमीटरला मात्र सापडतो. पडद्याच्या दोन बाजूंना मिठाची संहती दहा पट वेगळी असेल तर सुमारे १२ मिलिव्होल्टचा फरक दिसतो. पोटॅशियम क्लोराइडला हाच फरक जेमतेम १ मिलिव्होल्ट येतो, कारण पोटॅशियम (१.९६) आणि क्लोराइड जवळपास एका चालीचे आहेत. मुलं क्षारसेतूत (विद्युतघटाचे दोन भाग जोडणाऱ्या नळीत) पोटॅशियम क्लोराइड भरतात ते याचसाठी, आणि हा धागा वर्गात जोडून दाखवण्यासारखा आहे.

प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर मिठापेक्षा आम्ल चांगलं. हायड्रोजन आयनाचा गुणांक ९.३१ आहे, म्हणजे तो सगळ्यांत चपळ. पण नळीत नुसतं हायड्रोक्लोरिक आम्ल असेल तर क्लोराइडशी जुंपल्यामुळे त्याचा वेग ३.३३ वर येतो. आता नळीत आणि बीकरमध्ये दोन्हीकडे भरपूर मीठ घाला. तोल सांभाळायचं काम मिठाचे आयन करतात, हायड्रोजनच्या मानेवरचं जू उतरतं आणि तो स्वतःच्या चालीने धावतो.

कृती अशी: सुमारे १५ सेंटिमीटरच्या दोन अरुंद नळ्या घ्या. पहिलीत ०.०१ मोलर आम्लाचं २० मिलिलिटर द्रावण भरा आणि ती ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडा. दुसरीत तेवढंच आम्ल, पण ०.५ मोलर मिठात केलेलं, आणि तिच्या बीकरमध्येही ०.५ मोलर मीठ. दोन्ही बीकर सारख्या गतीने ढवळा आणि दर दोन मिनिटांनी २० मिनिटं पीएच टिपा. कागदावर सुरुवातीच्या वेगात २.८ पट फरक येतो. बीकरमध्ये तो थोडा कमी दिसेल, कारण ढवळण्यामुळे होणारी वाहतूक आयनाच्या प्रभाराकडे पाहत नाही. दोन ठिकाणी हमखास फसगत होते. नळाचं पाणी वापरलं तर त्यातलं बायकार्बोनेट बाहेर येणारं सगळं आम्ल खाऊन टाकतं आणि पीएच जागचा हलत नाही. आणि खारट द्रावणात पीएच मीटर थोडा वेगळा आकडा दाखवतो, म्हणून ०.०१ आणि ०.१ मिलिमोलर आम्लाची तुलनाद्रावणं दोन्ही प्रकारांत, साध्या पाण्यात आणि मिठात, वेगवेगळी करून ठेवा.

मुलांना एवढं जरूर सांगा: १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी आपल्या यंत्राने रुग्णावर डायलिसिस केलं, तेव्हा रक्त वाहिलं ते सॉसेजच्या वेष्टनासाठी बनवलेल्या सेलोफेनच्या नळीतून. तुमच्या टेबलावर असलेला पडदा त्याच जातीचा आहे.

प्रश्न : सिरम अल्ब्युमिनच्या द्रावणातलं (मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम) मीठ काढायला ते डिस्टिल्ड पाण्याविरुद्ध रात्रभर डायलाइझ केलं, पाणी तीनदा बदललं. सकाळी पिशवी फुगून टणक झाली होती, आतला पीएच उतरला होता आणि फ्लेम फोटोमीटरवर आत सोडियम दिसतच होता. बाहेर मात्र जवळपास काही नाही. चुकलं कुठे? (एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र, शिवाजी विद्यापीठ परिसर)

तुमची पिशवी आणि तुमचे हात दोन्ही ठीक आहेत. चुकीची निवड झाली ती बाहेरच्या पाण्याची.

अल्ब्युमिनचं रेणुभार सुमारे ६६ हजार, आणि पीएच ७ ला एका रेणूवर निव्वळ १७ च्या आसपास ऋणप्रभार असतो. मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम म्हणजे ०.६ मिलिमोलर. त्याला १७ ने गुणा: पिशवीत सुमारे १० मिलिमोलर ऋणप्रभार कायमचा कोंडलेला आहे. तो तोलायला १० मिलिमोलर धनप्रभार आत राहणारच, पाणी तीनदा बदला की तीसदा. सोडियमला बाहेर पडायचं तर त्याच्या जागी दुसरा धन आयन आत यायला हवा. डिस्टिल्ड पाण्यात तो एकच मिळतो, हायड्रोजन. तोच आत गेला, म्हणून पीएच उतरला.

फ्रेडरिक डोनान यांनी १९११ मध्ये या समतोलाचा नियम मांडला: पडद्यातून जाऊ शकणाऱ्या धन आणि ऋण आयनांच्या संहतींचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा होतो. हे आकड्यांत पाहिलं की लख्ख उमगतं. बाहेर १ मिलिमोलर मीठ असेल तर आत सोडियम १०.१ आणि क्लोराइड फक्त ०.१ मिलिमोलर राहतं, म्हणजे दहास एक असा फरक आणि पडद्यावर सुमारे ५९ मिलिव्होल्ट. बाहेर १०० मिलिमोलर मीठ ठेवलं तर आत सोडियम १०५.१ आणि क्लोराइड ९५.१, फरक उरतो पाच टक्क्यांचा आणि व्होल्टेज १.३ मिलिव्होल्ट. प्रथिनावरचा प्रभार तेवढाच आहे, पण भोवतीच्या मिठाने त्याचा जोर मोडला.

पिशवी फुगण्याचा हिशोबही यातच आहे. पहिल्या स्थितीत आतले लहान आयन बाहेरच्यांपेक्षा ८.२ मिलिमोलरने जास्त आहेत. त्यांचा परासरण दाब सुमारे ०.२ वातावरण होतो, म्हणजे दोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. प्रथिनाच्या रेणूंचा स्वतःचा दाब जेमतेम १५ सेंटिमीटर भरतो. १०० मिलिमोलर मिठात आयनांचा वाटा सहा सेंटिमीटरवर येतो. फुगवटा प्रथिनामुळे आला असं म्हणतात, पण खरं तर तो प्रथिनाने धरून ठेवलेल्या आयनांमुळे येतो.

आता उपाय. आधी प्रथिन १०० मिलिमोलर मीठ आणि योग्य बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) यांच्याविरुद्ध डायलाइझ करा, म्हणजे नको असलेले लहान रेणू आणि आयन निघून जातील. कोरडी पूड करायची असेल तर पुढची पायरी ५० मिलिमोलर अमोनियम बायकार्बोनेटची. इथे सोडियमची जागा अमोनियम घेतो आणि फ्रीझ ड्रायिंगमध्ये तो अमोनिया होऊन उडतो. बाहेरचं द्रावण पिशवीच्या १०० पट ठेवा, २० मिलिलिटरला २ लिटर. ते तीन-तीन तासांनी दोनदा बदला आणि तिसरं रात्रभर ४ अंशांवर राहू द्या. पिशवी भरताना एक तृतीयांश जागा मोकळी सोडा आणि आतली हवा दाबून काढून गाठ मारा.

नळी नवी असेल तर तिच्यातलं ग्लिसरॉल, गंधकयुक्त पदार्थ आणि जड धातू काढणं आवश्यक आहे. २ टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि १ मिलिमोलर ईडीटीए (धातू पकडणारं रसायन, पीएच ८) यांच्या भरपूर द्रावणात दहा मिनिटं उकळा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, पुन्हा १ मिलिमोलर ईडीटीएत दहा मिनिटं उकळा आणि बुडवूनच ४ अंशांवर ठेवा. एकदा भिजलेली नळी सुकू देऊ नका. त्यानंतर तिला हात लावायचा तो हातमोजे घालूनच.

एक सावधगिरी. डिस्टिल्ड पाण्यात पीएच उतरता उतरता अल्ब्युमिनच्या समविभव बिंदूकडे (जिथे प्रथिनावरचा निव्वळ प्रभार शून्य होतो), ४.७ च्या आसपास, सरकतो. अल्ब्युमिन निभावून जातं. ग्लोब्युलिनं मात्र कमी मिठात आणि समविभव बिंदूजवळ हमखास खाली बसतात. सकाळी पिशवीत दुधाळपणा दिसला तर तो जंतुसंसर्ग समजून फेकू नका. थोडं मीठ घालून विरघळतो का ते आधी पाहा.

प्रश्न : रुग्णाचं सोडियम १४० आणि डायलिसेटचंही (पडद्याच्या पलीकडून वाहणाऱ्या द्रावणाचंही) १४० ठेवलं, तर सोडियमची देवाणघेवाण शून्य व्हायला हवी ना? मग प्रथिनं जास्त असलेल्या रुग्णांत वेगळं का सांगतात? (डायलिसिस तंत्रज्ञ, कोल्हापूर)

तुमच्या यंत्रातल्या धाग्यांच्या आत रक्त आहे, आणि रक्तातलं अल्ब्युमिन म्हणजे वरच्या पिशवीतलंच कोंडलेलं प्रथिन. त्यामुळे इथे दोन दुरुस्त्या कराव्या लागतात. प्लाझ्मात पाणी सुमारे ९३ टक्के, बाकी प्रथिनं आणि मेद. लिटरभर प्लाझ्मात १४० मिलिमोल सोडियम असेल तर लिटरभर प्लाझ्माच्या पाण्यात ते १५० होतं. विसरणाला हाच आकडा लागू. पण प्रथिनांचा ऋणप्रभार सोडियमला मागे ओढतो. एकप्रभारी धन आयनांसाठी हा डोनान गुणक सुमारे ०.९५ आहे. १५० गुणिले ०.९५ म्हणजे १४३ च्या जवळपास. दोन दुरुस्त्या विरुद्ध दिशेच्या असल्याने आपण मूळ आकड्याजवळच परत येतो. म्हणून रोजच्या कामात १४० ला १४० चालून जातं.

प्रथिनं बदलली की हा तोल सरकतो. मल्टिपल मायलोमासारख्या (रक्ताच्या एका कर्करोगासारख्या) आजारात प्रथिनं फार वाढली तर प्लाझ्मातल्या पाण्याचा वाटाच घटतो आणि अप्रत्यक्ष पद्धतीच्या (नमुना पातळ करून मोजणाऱ्या) विश्लेषकावर सोडियम खोटं कमी दिसतं. अशा वेळी प्रत्यक्ष इलेक्ट्रोडचा, म्हणजे ब्लड गॅस यंत्रावरचा आकडा मागा. डायलायझरच्या आतही प्रथिनांची संहती सारखी राहत नाही. रक्तप्रवाह मिनिटाला २५० मिलिलिटर, हिमॅटोक्रिट (रक्तातला पेशींचा वाटा) ३० टक्के आणि पाणी काढण्याचा वेग तासाला १ लिटर धरा. मिनिटाला १७५ मिलिलिटर प्लाझ्मातून जवळजवळ १७ मिलिलिटर पाणी निघून जातं, आणि आत शिरताना डेसिलिटरला ७ ग्रॅम असलेली प्रथिनं बाहेर पडताना ७.७ होतात. त्या टोकाला डोनान परिणामही तेवढा जास्त.

द्विप्रभारी आयनांना हा गुणक वर्गाने लागू होतो: ०.९५ चा वर्ग, म्हणजे ०.९०. कॅल्शियममध्ये आणखी एक गुंता आहे. एकूण कॅल्शियम लिटरला २.४ मिलिमोल असलं तरी त्यातलं निम्मंच मोकळं असतं, उरलेलं बरंचसं अल्ब्युमिनला चिकटलेलं. म्हणून तुलना मोकळ्या १.२ शी करायची. डायलिसेटमध्ये १.५ असेल तर कॅल्शियम रक्तात जातं; रिपोर्टवरचं २.४ पाहून ते बाहेर निघतंय असं वाटतं, ते चूक. क्लोराइड आणि बायकार्बोनेट यांना गुणक उलटा, सुमारे १.०५, म्हणजे त्यांचा ओढा डायलिसेटकडे.

डायलिसेटच्या वाहकतेचा ठोकताळा लक्षात असू द्या: ०.१ मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर म्हणजे सोडियममध्ये सुमारे १ मिलिमोल. वाहकता १४.० ऐवजी १४.३ वर सेट राहिली तर सोडियम तीनने वर गेलं. रुग्ण घरी जाऊन तहानेने पाणी पितो आणि पुढच्या वेळी वजन वाढवून येतो. यावर रागवायच्या आधी यंत्राचं सेटिंग पाहा. बदल मात्र नेफ्रॉलॉजिस्टच्या लेखी सूचनेशिवाय करू नका.

प्रश्न : काही यंत्रं रक्ताचा नमुना न घेता केटी/व्ही (डायलिसिस पुरेसं झालं का याचं युरियावरून काढलेलं माप) दाखवतात. युरियावर तर प्रभारच नाही, मग वाहकतेवरून तो कसा मोजतात? (हेही कोल्हापुरातल्या एका तंत्रज्ञांनीच विचारलं आहे)

पहिल्या प्रश्नात मिठाचा जोडगुणांक १.६१ आला होता. युरियाचा १.३८. डायलायझरमध्ये दोघांवरही प्रवाहाच्या वेगाची मर्यादा असल्याने प्रत्यक्ष क्लिअरन्स (मिनिटाला किती रक्त साफ होतं तो आकडा) जवळजवळ सारखा निघतो. म्हणून यंत्र काही मिनिटांसाठी आत जाणाऱ्या डायलिसेटची वाहकता थोडी वाढवतं, बाहेर येणाऱ्याची मोजतं, आणि जेवढा फरक मध्येच नाहीसा झाला त्यावरून क्लिअरन्स काढतं. सोडियम एकटं जाऊ शकत नसल्यामुळेच ही युक्ती चालते.

आकडा चुकतो तो दोन कारणांनी. एक, ‘व्ही’ (शरीरातलं एकूण पाणी) काढायला भरलेलं वजन, उंची किंवा वय चुकीचं असतं. दुसरं, वाहकतेच्या सेलवर कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. सायट्रिक ॲसिडचं रिन्स चुकवलेल्या यंत्रावर हे लवकर होतं. हातातल्या प्रमाणित वाहकता मीटरने आठवड्याला एकदा पडताळा घ्या. आकडा अचानक कमी आला आणि दोन्ही गोष्टी ठीक असतील तर फिस्च्युलात (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीत) रक्त पुन्हा पुन्हा तेच फिरतंय का, हे डॉक्टरांना तपासायला सांगा.

प्रश्न : वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस होतं. पोटॅशियम खाली येतं, पण फॉस्फरस सहाच्या वरच. फॉस्फेटवर ऋणप्रभार असतो आणि पडदाही ऋण असतो, त्यामुळे ते अडतं असं वाचलं. पडदा बदलून घ्यावा का? (कागल)

वाचलेलं अर्धंच लागू पडतं. रक्ताच्या पीएचला फॉस्फेटचे पाचांपैकी चार आयन दोन ऋणप्रभारांचे असतात. ते भोवती पाण्याचा जाड थर घेऊन फिरतात, त्यामुळे त्यांचा विसरण गुणांक ०.७६ इतकाच, पोटॅशियमच्या निम्म्याहूनही कमी. इथवर प्रभाराचा दोष खरा. पण पडदा त्यांना दूर लोटतो, हे रक्तात फारसं घडत नाही. रक्तात मीठ १५० मिलिमोलरच्या आसपास आहे आणि एवढ्या खारटपणात प्रभाराची झळ पडद्यापासून फक्त ०.८ नॅनोमीटरपर्यंत पोचते. १ मिलिमोलर द्रावणात तीच जवळपास १० नॅनोमीटरपर्यंत गेली असती. हाय फ्लक्स (मोठ्या छिद्रांच्या) पडद्याची छिद्रं काही नॅनोमीटरची असतात. मधली वाट मोकळीच राहते.

खरी अडचण शरीरात आहे. फॉस्फरस हाडांत आणि पेशींत साठलेला असतो आणि तिथून रक्तात सावकाश येतो. पहिल्या तास-दीड तासात रक्तातला आकडा झपाट्याने उतरतो आणि मग जागेवर थांबतो. सत्र संपल्यावर काही तासांत तो पुन्हा चढतो. एका चार तासांच्या सत्रात साधारण ८०० ते १००० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, म्हणजे आठवड्याला फार तर ३०००. रोजच्या जेवणातून १००० मिलिग्रॅम पोटात गेला आणि त्यातला साठ टक्के जरी शोषला गेला, तरी आठवड्याचे ४२०० होतात. पडदा बदलून ही तफावत भरत नाही. डायलिसिसचे तास वाढवल्याने फरक पडतो, त्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

बाकीची भिस्त जेवणावर आणि फॉस्फेट बांधणाऱ्या गोळ्यांवर. आणि इथे प्रभार आपल्या बाजूने काम करतो. सेव्हेलॅमर हा धनप्रभारित अमाइन गट असलेला पॉलिमर आहे. तो आतड्यात ऋण फॉस्फेट पकडून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. कॅल्शियम ॲसिटेटमधलं कॅल्शियम आणि लँथॅनम कार्बोनेटमधलं लँथॅनम हेही धन आयनच. पण गोळी आणि फॉस्फेट एकाच वेळी पोटात असतील तरच भेट होणार. म्हणून गोळी जेवणासोबत, पहिल्या घासांबरोबर घ्यायची. उपाशीपोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते. ‘गोळ्या चालू आहेत तरी फॉस्फरस उतरत नाही’ या तक्रारीत आधी गोळी केव्हा घेतली जाते ते विचारावं.

आपल्याकडचं खाणं धरून सांगायचं तर म्हशीच्या दुधाच्या २०० मिलिलिटर पेल्यात २०० मिलिग्रॅमच्या पुढे फॉस्फरस असतो. कट्ट्यावरचं धारोष्ण दूध रोज घेण्याची सवय असेल तर आधी तिथे हात घाला. कोला पेयं आणि पाकीटबंद प्रक्रिया केलेल्या मांसातलं मिसळलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं, डाळी-कडधान्यांतलं त्या मानाने बरंच कमी. मटणाचा रस्सा पूर्ण सोडायचा की आठवड्याला मोजून घ्यायचा, हे वडिलांचं वजन आणि अल्ब्युमिन पाहून आहारतज्ज्ञ ठरवतील. डायलिसिसवर प्रथिनं कमी पडणंही तितकंच वाईट.

प्रश्न : ‘एएन६९’ पडदा वापरताना रुग्ण ‘प्रिल’ वर्गातली बीपीची गोळी घेतो का हे आवर्जून विचारायला सांगितलं जातं. कारण काय? (परिचारिका, कोल्हापूर)

इथे प्रभार खुद्द पडद्यावर आहे. एएन६९ या पॉलिॲक्रिलोनायट्राइल पडद्यात सल्फोनेट गट असल्याने त्याचा पृष्ठभाग तीव्र ऋणप्रभारित असतो. रक्त त्याला लागलं की गोठण्याच्या साखळीतला बारावा घटक जागा होतो आणि शेवटी ब्रॅडिकायनिन तयार होतं. एरवी शरीरातलं एसीई हे विकर ते काही सेकंदांत मोडतं. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या नेमकं हेच विकर रोखतात. मग पहिल्या काही मिनिटांतच चेहरा लाल होणं, धाप लागणं, रक्तदाब कोसळणं अशी लक्षणं दिसू शकतात. तसं झालं तर डायलिसिस ताबडतोब थांबवा, नळ्यांतलं रक्त परत देऊ नका आणि डॉक्टरांना बोलवा. पृष्ठभागावर धनप्रभारित पॉलिएथिलीनइमाइनचा लेप दिलेली या पडद्याची सुधारित आवृत्ती आहे, तिच्यात हा धोका कमी. गोळी बदलायची की पडदा, हा निर्णय डॉक्टरांचा. तुमचं काम म्हणजे सुई लावण्यापूर्वी औषधांची यादी वाचणं, आणि ते फार मोलाचं आहे.

प्रश्न : आमच्याकडे स्टीलच्या सुट्या भागांचं हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये पिकलिंग (गंज काढणं) होतं. वापरलेल्या ॲसिडमधून विजेशिवाय ॲसिड परत मिळतं असं ऐकलं. लोह मागे राहून ॲसिड तेवढं कसं निघतं? आमच्याकडे चालेल का? (लघुउद्योजक, शिरोली एमआयडीसी)

चालेल, पण टाकीत काय काय जातं ते आधी बघावं लागेल.

या पद्धतीला विसरण डायलिसिस म्हणतात. पडदा ऋण आयन जाऊ देणारा असतो, म्हणजे त्याच्या अंगात धनप्रभारित अमोनियम गट पक्के बसवलेले असतात. एका बाजूने वापरलेलं ॲसिड, दुसऱ्या बाजूने उलट दिशेने साधं पाणी. क्लोराइड या पडद्यातून सहज जातं, पण एकटं जाऊ शकत नाही. सोबत धन आयन हवाच. उमेदवार दोन, लोह आणि हायड्रोजन. लोहावर दोन धनप्रभार आहेत, त्यामुळे धनप्रभारित पडदा त्याला जोराने लोटतो. हायड्रोजनवर एकच, शिवाय तो पाण्याच्या एका रेणूवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातो. म्हणून क्लोराइडचा जोडीदार तोच होतो आणि पलीकडे ॲसिड जमतं. लोहाचं क्लोराइड इथे उलट मदतच करतं. त्यातलं क्लोराइडही पलीकडे जायला बघतं आणि लोह अडल्यामुळे जास्तीचा हायड्रोजन ओढून नेतं. वीज लागते ती पंपापुरती.

मोकळं ॲसिड ८० ते ९० टक्क्यांपर्यंत परत मिळू शकतं, आणि सोबत थोडं लोह गळून येतंच. वेग मात्र कमी आहे. ढोबळ हिशोबाला एका चौरस मीटर पडद्यातून तासाला एक लिटर धरा. रोजचे ५०० लिटर चोवीस तासांत घालवायचे तर तासाला २१ लिटर, म्हणजे सुमारे २० चौरस मीटर पडदा. घाई केली, प्रवाह वाढवला, तर ॲसिड मागेच राहतं. पाण्याचा प्रवाह ॲसिडच्या बरोबरीने ठेवा. पाणी जास्त सोडलं तर परत मिळालेलं ॲसिड पातळ होतं आणि टाकीला उपयोगी पडत नाही.

सगळ्यांत मोठा धोका जस्ताचा. जस्त चढवलेले हुक, जिग किंवा नापास झालेले गॅल्व्हनाइज्ड भाग त्याच टाकीत सोलत असाल तर ही पद्धत फसेल. तीव्र क्लोराइडमध्ये जस्ताभोवती तीन-चार क्लोराइड गोळा होतात आणि अख्खा समूह ऋणप्रभारित होतो. म्हणजे अडवायचा तो धातूच ऋण आयन बनून पडद्यातून आरामात निघतो. परत आलेल्या ॲसिडमध्ये जस्त साठत जातं. उपाय एकच, आणि तो स्वस्त आहे: सोलण्याची टाकी वेगळी करा.

बाकी काळजी नेहमीची, पण चुकवू नये अशी. आत जाणारं ॲसिड ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जाऊ द्या. गाळ आणि काजळी पडद्यावर बसली की वेग निम्म्यावर येतो. तेल आधीच्या डिग्रीझिंगमध्येच काढा. पिकलिंगमध्ये इनहिबिटर (ॲसिडने स्टील खाऊ नये म्हणून घालायचं रसायन) घालत असाल तर त्याचा पडद्यावर थर बसतो का, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या आणि २० लिटरच्या नमुन्यावर चाचणी करून मगच मोठं यंत्र सांगा. टाकी गरम चालत असेल तर ॲसिड ४० अंशांखाली थंड करून आत सोडा. क्लोरीन, हायड्रोजन पेरॉक्साइड असले ऑक्सिडीकारक पडद्यावरचे अमोनियम गट तोडतात. दिवाळीच्या सुटीत यंत्र बंद ठेवताना कप्पे रिकामे ठेवू नका, सुकलेला पडदा तडकतो.

मागे उरणारं लोहाचं द्रावण नाल्यात सोडता येणार नाही. त्यात थोडं ॲसिड आणि सगळं लोह असतं, त्याला चुन्याने उदासीन करणं किंवा अधिकृत प्रक्रियाकाराकडे देणं भागच आहे. पण त्यात ॲसिड थोडंच उरलेलं असल्याने चुना बराच कमी लागतो. खर्चाचा हिशोब मांडताना नव्या ॲसिडच्या बचतीइतकीच ही बचतही मोजा. त्यासाठी तुमच्या टाकीतलं मोकळं ॲसिड, लोह आणि जस्त, तिन्ही लिटरला किती ग्रॅम आहेत, हे एकदा प्रयोगशाळेतून तपासून आणा.